विंडोज ११ घेतलं आणि संगणक गोठू लागला

प्रश्न : माझा २०१८चा संगणक (४ जीबी रॅम, हार्ड डिस्क) गेल्या आठवड्यात विंडोज ११ घेतल्यापासून सारखा गोठतो. माऊस तेवढा हलतो. नवा घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. माऊस हलतोय, म्हणजे संगणक बहुधा कशाची तरी वाट पाहतोय. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बघा. तो सतत १०० टक्क्यांवर असेल, तर जुन्या हार्ड डिस्कला भार झेपत नाहीये. तिचा भरवसा नाही, म्हणून फोटो-कागदपत्रांची प्रत आधी काढा. मग एसएसडी बसवा. दुकानदार आधी रॅम वाढवा म्हणेल. माझ्या मते ती नंतर. आकडा कमीच राहिला, तर सेफ मोडमध्ये चालवून पाहा. तिथे सुरळीत चालला, तर संशय ड्रायव्हरवर. दहा दिवसांत विंडोज १० वर परतता येतं, पण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय.