स्मार्टफोन घेताना : आधी गरज, मग ऐपत, शेवटी दुकान

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस तत्कालीन केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले आणि भारतात भ्रमणध्वनीचे युग सुरू झाले. त्या काळी हा संच श्रीमंतीचे लक्षण मानला जात असे. आज परिस्थिती पार पालटली आहे. शाळेची सूचना, बँकेचा संदेश, वीजबिलाचा भरणा, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला अशी अनेक कामे या हातभर अंतरावरच्या वस्तूवर येऊन ठेपली आहेत. चैनीची वस्तू गरजेची झाली की तिची निवड चुकण्याची किंमतही वाढते. दोन-तीन महिन्यांची शिल्लक एका खरेदीत खर्ची पडावी आणि संच मात्र कामाचा निघू नये, असे घडू नये यासाठी हा पाठ.

एक घर, तीन गरजा

दृष्टान्तादाखल सत्तरी तालुक्यातील एका काजू बागायतदाराचे घर घेऊ. घरात पती-पत्नी, अकरावीत शिकणारी मुलगी आणि वृद्ध आजी. आजीस सामाजिक सुरक्षा योजनेचे अर्थसाहाय्य मिळते. काजूचा हंगाम आटोपल्यावर संचासाठी १४,००० रुपये बाजूला काढले आहेत. घरातील जुन्या संचाची काच फुटली असून बँकेचे ॲप त्यावर आता चालत नाही. दुकानदार २५,००० रुपयांचा संच हप्त्याने देऊ करतो आणि मुलीच्या मैत्रिणींकडे तसेच संच आहेत.

अशा वेळी दुकानात जाण्यापूर्वी घरातच एका कागदावर कामांची यादी करावी. बागायतदारास बाजारभाव पाहावयाचा, पैसे घ्यावयाचे व द्यावयाचे असतात. मुलीस धडे पाहावयाचे, वहीच्या पानांची छायाचित्रे शिक्षकांस पाठवावयाची असतात. आजीस फक्त बोलावयाचे असते आणि खात्यात पैसे जमा झाल्याचा संदेश मिळावयास हवा असतो. यादी पुरी झाल्यावर ध्यानात येते की, घरातील तीनपैकी एका गरजेस स्मार्टफोनची आवश्यकताच नाही. बटणांचा साधा फोन आजीस पुरेसा आहे. पैशांच्या व्यवहारासाठीही त्याचा उपयोग होतो, कारण साध्या फोनवरून यूपीआय व्यवहार करण्याची ‘यूपीआय १२३पे’ ही सेवा रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केली आहे.

आजीचा क्रमांक तिच्या स्वतःच्या नावावर आणि तिच्याच हाती असणे अधिक हिताचे. बँक खात्यास दुसऱ्याचा क्रमांक जोडलेला असला, तर पैसे आले किंवा गेले हे खातेदारास लगेच कळत नाही.

पहिला प्रश्न लहरींचा

गोव्याच्या किनारपट्टीत जो संच उत्तम चालतो, तो सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या डोंगराळ वाड्यांवर तसाच चालेल असे नाही. म्हणून संचाचे नाव विचारण्याआधी आपल्या घरात, अंगणात आणि बागायतीत कोणत्या कंपनीची लहर पोहोचते, हे शेजाऱ्यांच्या संचांवरून पाहावे.

कमी वारंवारतेची लहर दूरवर जाते आणि झाडी व भिंतींतून अधिक चांगली शिरते. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यास यामुळेच ग्रामीण भागात महत्त्व आहे. भारत संचार निगमची फोर-जी सेवा या पट्ट्याचा उपयोग करते. तथापि, काही जुन्या वा परदेशातून आणलेल्या संचांत हा पट्टा, म्हणजे ‘बँड २८’, नसतो. अशा संचात समोर मनोरा दिसत असूनही सेवा मिळत नाही. जिओच्या जाळ्यावर टू-जी आणि थ्री-जी सेवा मुळातच नाही. यास्तव आजीसाठी घ्यावयाचा साधा फोनदेखील फोर-जीवर बोलता येणारा आहे ना, हे विचारून घ्यावे.

फाइव्ह-जी सेवेचा प्रारंभ भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. वाडीवर ती पोहोचली नसेल, तर केवळ त्या नावासाठी जादा रक्कम मोजण्याची घाई नको. संच चार वर्षे वापरावयाचा असेल आणि किमतीतील फरक थोडा असेल, तर मात्र तो घेणे शहाणपणाचे. ज्या घरात लहर क्षीण परंतु तारेने ब्रॉडबँड आलेले आहे, तेथे ‘वाय-फाय कॉलिंग’ची सोय असलेला संच फार उपयोगी पडतो.

मेज आणि कपाट

खोक्यावर छापलेल्या आकड्यांपैकी दोन आकडे समजून घेणे अगत्याचे आहे. कचेरीची उपमा घेतली तर ‘रॅम’ म्हणजे लेखनिकाचे मेज आणि ‘स्टोरेज’ म्हणजे फायलींचे कपाट. मेज लहान असेल तर एक फाइल उघडण्यासाठी दुसरी मिटावी लागते व काम मंदावते. कपाट लहान असेल तर नवीन कागद ठेवण्यास जागा उरत नाही.

बटणांच्या फोनवरून प्रथमच स्मार्टफोनकडे वळणाऱ्यास ४ जीबी रॅम कशीबशी पुरते. विद्यार्थी, शिक्षक वा कर्मचारी यांनी ६ किंवा ८ जीबी पाहावी. स्टोरेज १२८ जीबी असावे. ६४ जीबीच्या संचात मूळ प्रणालीच बरीच जागा अडवते आणि गटांतून येणाऱ्या चित्रफिती उरलेली जागा काही महिन्यांत व्यापतात. काही खोक्यांवर ‘४ अधिक ४ जीबी’ असे लिहिलेले असते. यातील दुसरे चार म्हणजे कपाटातील एक फळी मेज म्हणून वापरणे होय. खऱ्या मेजाची गती तीस येत नाही.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा आकडाही असाच भुलवितो. पन्नास मेगापिक्सेलचे बहुतेक कॅमेरे एरवी चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलच्या सुमारास चित्र देतात. चित्राची प्रत प्रकाश टिपणाऱ्या पटलाचा आकार व भिंग यांवर अवलंबून असते. दोन मेगापिक्सेलची जादा भिंगे पुष्कळदा संख्या वाढविण्यापुरती असतात. दुकानात एखादा छापील कागद घेऊन त्याचे छायाचित्र काढावे. अक्षर कडेपर्यंत स्पष्ट वाचता आले, तर शाळा-कचेरीच्या कामास तो कॅमेरा पुरेसा आहे. निवृत्तिवेतनधारकांनी पुढचा कॅमेराही पाहावा, कारण चेहऱ्यावरून ओळख पटवून हयातीचा दाखला देण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध आहे.

बॅटरी ५,००० एमएएच किंवा अधिक असावी. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा हाच आकडा कामास येतो. पडद्याची परीक्षा दुकानाबाहेर उन्हात करावी, कारण आत झळकणारा पडदा बागायतीत काळा दिसू शकतो. गोव्याच्या पावसाचा विचार करता ‘आयपी’ अंकही पाहावेत. त्यांतील पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. ‘आयपी ५४’ शिंतोडे सोसते, तर ‘आयपी ६७’ एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापर्यंत टिकण्याची चाचणी दर्शविते. ही चाचणी गोड्या पाण्यातील असते; समुद्राच्या खाऱ्या पाण्यास ती लागू नाही.

संचाचे खरे आयुष्य

संच हातातून पडून फुटला नाही, तरी त्याचे आयुष्य ठरलेले असते. कंपनी जोवर सुरक्षिततेच्या सुधारणा पाठविते, तोवर त्यावर पैशांचे व्यवहार करणे निर्धोक. त्या थांबल्यावर संच बोलण्यास उपयोगी राहतो, परंतु कालांतराने बँकांची ॲप्स त्यावर चालेनाशी होतात. वरील घरातील जुन्या संचाचे नेमके हेच झाले.

या सुधारणांची वर्षे सामान्यतः तो नमुना बाजारात आल्या दिवसापासून मोजली जातात. ग्राहकाने विकत घेतल्या दिवसापासून नव्हे. हिशेबासाठी तीन संच कल्पू. पहिला ९,००० रुपयांचा, नुकताच आलेला, दोन वर्षे सुधारणा मिळणारा. दुसरा १४,००० रुपयांचा, चार वर्षांचे आश्वासन असलेला, परंतु दोन वर्षांपूर्वी आलेला. तिसरा ११,००० रुपयांचा, चार वर्षांचे आश्वासन असलेला व एक वर्षापूर्वी आलेला. किमतीस उरलेल्या वर्षांनी भागले असता पहिल्याचा वार्षिक खर्च ४,५०० रुपये, दुसऱ्याचा ७,००० रुपये आणि तिसऱ्याचा सुमारे ३,६६७ रुपये येतो. सर्वांत स्वस्त दिसणारा पहिला संच स्वस्त ठरला नाही आणि सर्वांत महाग संच अधिक टिकाऊ ठरला नाही. एवढा भागाकार पाचवीतील मुलासही करता येतो. खरेदीपूर्वी तो अवश्य करावा.

हप्त्यांचा मोह

आता २५,००० रुपयांच्या संचाकडे वळू. दरसाल १५ टक्के व्याजाने बारा हप्ते केल्यास प्रत्येक हप्ता सुमारे २,२५६ रुपयांचा होतो व एकूण २७,००० रुपयांहून अधिक रक्कम जाते. प्रक्रिया शुल्क आकारले गेल्यास ते वेगळे. काजूचे पैसे वर्षातून एकदाच हाती येतात, हप्ता मात्र भर पावसाळ्यातही चुकत नाही. ‘बिनव्याजी हप्ते’ ही जाहिरात वाचताना व्याजाची रक्कम कोठे तरी, किमतीत, सवलतीत किंवा शुल्कात, सामावलेली असते, हे लक्षात घ्यावे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांस स्पष्टपणे कळविले होते. रोख भरल्यास किंमत किती, हा एक प्रश्न विचारला की खरे व्याज उघडे पडते.

पारखून घ्यावे, पावती घ्यावी

प्रत्येक संचास पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# दाबल्यास तो पडद्यावर येतो. खोक्यावरील व पावतीवरील क्रमांकाशी तो ताडून पाहावा. वापरलेला संच घेताना ही दक्षता दुप्पट हवी. इंग्रजी के-वाय-एम ही अक्षरे, मोकळी जागा व तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास संच काळ्या यादीत आहे काय, हे कळते. चोरीचा संच स्वस्तात घेणाऱ्याचे पैसेही बुडतात आणि पोलीस चौकीचे हेलपाटेही पडतात.

दुकानातच मराठी टंकलेखन करून पाहावे. अक्षरांचा आकार वाढवावा आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखविण्याची सोय तपासावी. दृष्टी मंद झालेल्यांस ती मोठा आधार ठरते. मोबाइल संचावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तो दर्शविणारी पक्की पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. संच सदोष निघाल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तेथे निवारण न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क नाही.

संच हरवल्यास पोलिसांत तक्रार करून केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून तो बंद करता येतो. पैशांची फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० हा क्रमांक फिरवावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. संकटकाळी ११२.

हिशेब जुळला

वरील कुटुंबाने ११,००० रुपयांचा तिसरा संच घेतला आणि आजीसाठी सुमारे १,५०० रुपयांचा बटणांचा फोर-जी फोन घेतला, तर १,५०० रुपये हाती उरतात. त्यांत काचेचे आवरण व रिचार्ज भागतो. मुलीचे शिक्षण अडत नाही, बागायतदाराचा व्यवहार थांबत नाही आणि आजीचा संदेश आजीकडेच येतो. पावसाळ्यात कोणाचा हप्ता डोक्यावर नसतो, हा लाभ कोणत्याही खोक्यावर छापलेला आढळणार नाही.

मनन व चर्चेसाठी
(शाळा, वाचनालये व स्वयंसाहाय्य गटांकरिता)

१. आपल्या घरातील प्रत्येक व्यक्तीच्या गरजांची यादी करा. त्यांपैकी किती गरजा साध्या फोनवर भागतात?
२. आपल्या वाड्यावर घराच्या आत कोणत्या कंपनीची सेवा मिळते, याची पाहणी करा.
३. घरातील संचास सुरक्षिततेची शेवटची सुधारणा केव्हा मिळाली, ते शोधा.
४. एखाद्या जाहिरातीतील हप्त्यांची बेरीज करून ती रोख किमतीशी ताडून पाहा.
५. घरातील वृद्धांच्या बँक खात्यास कोणाचा क्रमांक जोडलेला आहे?