घटक ७ : मराठी टंकलेखन आणि कळफलकाची निवड

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• कळफलक हे उपकरण आणि अक्षरांची मांडणी यांतील भेद सांगता येईल.
• टंकयंत्राची मांडणी आणि इन्स्क्रिप्ट मांडणी यांची तुलना करता येईल.
• महागड्या कळफलकावरील वाढीव सोयींचे मोल स्वतःच्या गरजेनुसार ठरवता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दापोली तालुक्यातील केळशी या किनाऱ्यावरच्या गावी राहणाऱ्या एका विद्यार्थिनीची कल्पना करा. तिला परिसरातील स्थळनामांवर प्रकल्प लिहायचा आहे. पुढे लिपिक-टंकलेखक पदासाठी अर्जही करायचा आहे. त्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ३० शब्द लागतो. दुकानात तिच्यासमोर दोन कळफलक आहेत. एक साधा आहे. दुसरा कित्येक पट महाग असून त्याला यांत्रिक कळा, रंगीत प्रकाश आणि जादा कळा आहेत. दुसऱ्यावर पैसे खर्च केल्याने तिचे मराठी लेखन सुधारेल का, हा या घटकाचा प्रश्न आहे.

७.२ कळफलक काय पाठवतो?

कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवत नाही. कोणत्या क्रमांकाची कळ दाबली गेली, एवढेच तो कळवतो. त्या कळीचे ‘क’ करायचे की रोमन ‘के’, हे संगणकात निवडलेली मांडणी ठरवते. म्हणूनच कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसली तरी मराठी लिहिता येते. यावरून पहिला निष्कर्ष निघतो : स्वस्त कळफलकाला जितके मराठी येते, तितकेच महागड्यालाही येते. मराठीची सोय मांडणीत असते, आणि ती संगणकात विनामूल्य मिळते.

७.३ दोन मांडण्या

मराठी टंकयंत्रावरील रेमिंग्टन पद्धतीची मांडणी दृश्यक्रमावर आधारलेली होती. ‘किनारा’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर उमटवावा लागे, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. अनेक अर्ध्या अक्षरांसाठी वेगळ्या कळाही होत्या.

इन्स्क्रिप्ट मांडणी उच्चारक्रमावर आधारलेली आहे. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकात तिचा समावेश आहे. तीत स्वरचिन्हे मुख्यतः डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. क-ख, ग-घ, त-थ, द-ध अशा जोड्या एकेका कळीवर असून, जोडीतील महाप्राण व्यंजन शिफ्ट कळीसह येते. वर्णमालेची ही शिस्त व्याकरणाच्या विद्यार्थ्याला परिचितच वाटेल. ‘केळशी’ हा शब्द क, एकाराची मात्रा, ळ, श आणि दीर्घ वेलांटी अशा पाच आघातांत लिहिला जातो. यांपैकी ‘ळ’ हे ‘ल’च्या आणि ‘श’ हे ‘स’च्या कळीवर शिफ्टसह मिळते.

मांडणीचे खरे महत्त्व पुढील उदाहरणात दिसते. ‘केळशीचा दर्या’ आणि ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ या शब्दप्रयोगांत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे ‘दरी’चे अनेकवचन. इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’ आणि ‘ऱ’ एकाच कळीवर आहेत. ‘ऱ’साठी शिफ्ट दाबावी लागते. तेवढी एक शिफ्ट राहून गेली, तर दरीच्या जागी समुद्र येतो. ही चूक कोणताही महागडा कळफलक टाळत नाही. ती टाळतात सवयीची बोटे आणि भाषेचे भान.

७.४ वाढीव सोयींची पारख

(अ) यांत्रिक कळा : या फलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्विच असतो. कळ दाबली गेल्याची स्पष्ट जाणीव बोटाला होते, हा त्याचा खरा गुण. टिकाऊपणाचा हिशेब मात्र करून पाहावा. साध्या फलकाची प्रत्येक कळ साधारणतः ५० लाख दाब सोसते आणि यांत्रिक कळ ५ कोटी, असे उत्पादक सांगतात. दिवसाला १०,००० आघात केले आणि त्यांचा दहावा हिस्सा एकाच कळीवर पडला असे मानले, तर त्या कळीवर रोज १,००० दाब येतात. या हिशेबाने ५० लाखांना ५,००० दिवस, म्हणजे तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याआधी वाळू, धूळ किंवा किनाऱ्यावरची खारी, दमट हवाच फलक निकामी करण्याचा संभव अधिक. त्यापासून यांत्रिक फलकही सुटत नाही.

(आ) जादा कळा : या कळांत आघातांचा क्रम साठवता येतो. मात्र साठतात ते कळांचे क्रमांक, अक्षरे नव्हेत. इन्स्क्रिप्टमध्ये साठवलेला ‘केळशी’ इंग्रजी मांडणी चालू असताना निरर्थक रोमन अक्षरे होऊन उमटतो.

(इ) प्रकाश : मंद उजेडात किंवा दृष्टी अधू असल्यास प्रकाशित कळा उपयोगी पडतात. परंतु त्यांवर सहसा रोमन अक्षरेच उजळतात. न पाहता टंकन करणाऱ्याला ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवरील बारीक उंचवटे पुरतात. इन्स्क्रिप्टमध्ये तेथे ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ आहेत. हे उंचवटे साध्या फलकावरही असतात.

(ई) हाताच्या ठेवणीनुसार रचना : मनगट किंवा खांदा दुखणाऱ्यांना, तसेच दिवसभर टंकन करणाऱ्यांना दुभागलेला वा उतरता फलक आराम देऊ शकतो. येथे जादा खर्च समर्थनीय ठरतो, कारण तो शरीराच्या गरजेसाठी होतो.

७.५ सारांश

कळफलक बोटांची सोय पाहतो, तर मांडणी भाषेची. म्हणून आधी मांडणी निवडून ती पक्की करावी. टंकयंत्रावर शिकलेल्यांनी रेमिंग्टन मांडणी सोडण्याचे कारण नाही, कारण ती संगणकावरही मिळते. नव्याने शिकणाऱ्यांनी इन्स्क्रिप्टपासून आरंभ करावा. आपल्या विद्यार्थिनीला साधा, पूर्ण आकाराचा आणि कळा न अडकणारा फलक पुरेसा आहे. वाचलेल्या पैशांपेक्षाही, रोज अर्धा तास सरावासाठी राखून ठेवणे तिला अधिक लाभाचे ठरेल.

७.६ स्वाध्याय

१. दृश्यक्रम आणि उच्चारक्रम यांतील फरक ‘विहिरी’ या शब्दाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांचे अर्थ लिहून दोन्ही शब्दांच्या टंकनातील भेद सांगा.
३. आपल्या गावातील ‘ळ’ असलेली दहा स्थळनामे इन्स्क्रिप्टमध्ये टंकित करा. प्रत्येकाचे आघात मोजा.
४. तुमच्या कामाचे स्वरूप लक्षात घेऊन कोणती वाढीव सोय तुम्हांला आवश्यक वाटते, ते सकारण लिहा.