मान्सूनची सरासरी आणि पावसाचे प्रादेशिक वितरण

भारताच्या एकूण वार्षिक पर्जन्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. १९७१ ते २०२० या कालखंडातील नोंदींनुसार या हंगामाची देशाची दीर्घकालीन सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. ‘यंदा ९४ टक्के पाऊस झाला’ असे म्हटले जाते, ते या सरासरीच्या संदर्भात. तथापि, शेती, जलाशय आणि पूरनियंत्रण यांच्या दृष्टीने हा पाऊस कोठे व केव्हा पडला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

२०२३ : एका महिन्याचा खंड

२०२३ मध्ये देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. वरवर पाहता ही तूट मोठी नाही. परंतु जुलैमध्ये ११३ टक्के पाऊस झाल्यानंतर ऑगस्टमध्ये केवळ ६४ टक्के पाऊस पडला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट आढळत नाही. सप्टेंबरमध्ये पाऊस पुन्हा ११३ टक्क्यांवर गेला आणि वार्षिक आकडा सावरला. मात्र फुलोऱ्याच्या व दाणे भरण्याच्या काळात करपलेली पिके त्यामुळे सावरली नाहीत. त्या वर्षी कर्नाटकने २३६ पैकी २२३, तर महाराष्ट्राने प्रारंभी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

या खंडामागील यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यास मान्सूनचा आस म्हणतात. हा आस आपल्या सर्वसाधारण स्थितीत अथवा तिच्या दक्षिणेस असतो, तेव्हा उपसागरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे त्याच्या अनुषंगाने पश्चिम-वायव्येकडे सरकतात आणि ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश, विदर्भ या भागांत पाऊस देतात. आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की पायथ्यालगतच्या प्रदेशात जोरदार पाऊस होतो. मध्य भारतात मात्र उघडीप पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये हीच स्थिती दीर्घकाळ राहिली. प्रशांत महासागरातील एल निनोची त्यास जोड मिळाली.

२०२४ व २०२५ : अधिक पाऊस, असमान वाटप

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी देशात सुमारे १०८ टक्के पाऊस झाला. प्रदेशनिहाय टक्केवारी मात्र वेगळे चित्र दाखवते.

वायव्य भारत : २०२३ – १०१, २०२४ – १०७, २०२५ – १२७
मध्य भारत : २०२३ – १००, २०२४ – ११९, २०२५ – ११५
दक्षिण द्वीपकल्प : २०२३ – ९२, २०२४ – ११४, २०२५ – ११०
पूर्व व ईशान्य भारत : २०२३ – ८२, २०२४ – ८६, २०२५ – ८०

पूर्व व ईशान्य भारत सलग तिन्ही वर्षे तुटीत राहिला. हवामान विभागाने १९८९ ते २०१८ या ३० वर्षांच्या नोंदींचे विश्लेषण केले असता उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, मेघालय व नागालँड या राज्यांत मोसमी पावसात लक्षणीय घट आढळली होती. म्हणजेच, ईशान्येकडील घट केवळ या तीन वर्षांपुरती मर्यादित नाही.

टक्केवारीचा अर्थ

टक्केवारी ही त्या त्या प्रदेशाच्या स्वतःच्या सरासरीशी केलेली तुलना असते. २०२५ मध्ये २० टक्के तूट असूनही पूर्व व ईशान्य भारतात सुमारे १०९ सेंटिमीटर पाऊस पडला, तर २७ टक्के अधिक पाऊस झालेल्या वायव्य भारतात सुमारे ७५ सेंटिमीटर. तरीही त्या वर्षी सतलज, बियास व रावी या नद्यांना आलेल्या पुराने पंजाबातील भातशेतीची मोठी हानी केली. ईशान्येकडील शेती व जनजीवन मुबलक पावसावर बेतलेले असल्याने तेथील २० टक्के तूटही गंभीर ठरते. हवामान विभाग देशाच्या ३६ उपविभागांसाठी १९ टक्क्यांपर्यंतचा कमी-अधिक फरक ‘सामान्य’ मानतो. २० ते ५९ टक्के घट झाल्यास पाऊस ‘अपुरा’ ठरतो.

समारोप

देशाची सरासरी अन्नधान्य उत्पादन व अर्थव्यवस्थेच्या स्थूल अंदाजासाठी उपयुक्त आहे. परंतु पेरणीचा सल्ला, धरणातील पाण्याचा विसर्ग, पीक विमा आणि दुष्काळ निवारण यांचे नियोजन जिल्हा व तालुका पातळीवरील पावसाच्या आधारेच करावे लागते. एका भागातील पूर दुसऱ्या भागातील तूट भरून काढत नाही आणि सप्टेंबरचा पाऊस ऑगस्टची उणीव दूर करत नाही. मोसमी पावसाचा अभ्यास करताना एकूण प्रमाण, प्रादेशिक वितरण व कालिक वितरण या तिन्ही अंगांचा एकत्रित विचार म्हणूनच अपरिहार्य ठरतो.