भार उतरल्यावरची सेवा

पाठ : गणना 8:23–26, 1 शमुवेल 2:22–25, 3:1–14, 12:1–5 व 23, मार्क 7:9–13. हे भाग आधी वाचून मग पुढील विवेचन वाचावे.

लहान मंडळीत शाळामास्तर हा केवढा आधार असतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पाळक महिन्यातून एखादे वेळी येतो. मास्तर रोज असतो. अर्ज लिहून देणे, रविवारी शास्त्रभाग वाचणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, कोणी वारल्यास पाळक येईतो प्रार्थना चालविणे, ही कामे त्याच्याकडे न सांगता जातात. मग एके दिवशी तो अठ्ठावन्न वर्षांचा होतो, शाळेत त्यास शाल व नारळ मिळतो, आणि मंडळी म्हणते, "बरे झाले, आता गुरुजी पूर्ण आमचे." त्याच संध्याकाळी घरची माणसेही हेच म्हणतात. दोघांचाही हक्क खरा आहे, आणि अडचण नेमकी येथेच उभी राहते.

निवृत्तीचा नियम सरकारने प्रथम काढिला असे नाही. गणनेच्या आठव्या अध्यायात लेव्यांविषयी आज्ञा आहे की, त्यांनी पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेत यावे व पन्नासाव्या वर्षी कामातून मोकळे व्हावे. (चवथ्या अध्यायात आरंभाचे वय तीस दिले आहे, मधली पाच वर्षे उमेदवारीची असावी, असे काही टीकाकार मानितात.) हे काम अंगमेहनतीचे होते. कहाथाच्या वंशजांस गाड्या मिळाल्या नव्हत्या. पवित्र वस्तू त्यांनी खांद्यांवरून वाहावयाच्या होत्या (गणना 7:9). पुढे दाविदाच्या काळी निवासमंडप वाहून नेण्याचे कारण उरले नाही, तेव्हा सेवेचे वयही खाली आणून वीस करण्यात आले (1 इतिहास 23:24–27). यावरून दिसते की, नियम भाराकडे पाहून केलेला होता. पन्नाशीनंतर लेव्याने काय करावे? मंडपात आपल्या भाऊबंदांबरोबर राहून राखण करण्यास त्यास मोकळीक आहे, पण काम त्याने करावयाचे नाही. त्याच्या खांद्यावरचा दांडा दुसऱ्याने घ्यावा व त्याने तो घेऊ द्यावा. ही दुसरी गोष्ट पहिलीहून कठीण, असा आमचा अनुभव आहे.

आता एका गुरुजींची हकीकत सांगतो. त्यांचे नाव घालू नये अशी त्यांची इच्छा आहे.

वसई म्हटले की रोमन कॅथॉलिक बंधूंची जुनी देवळे व केळीच्या बागा आठवतात. सन 1534 पासून तेथे पोर्तुगीज अंमल होता. 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. राज्य गेले तरी तेथील ख्रिस्ती कुटुंबांचा विश्वास गेला नाही. घरोघरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेस त्याचे बरेच श्रेय असावे, असे आम्हांस वाटते. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील पुष्कळ माणसे मात्र तेथे मागाहून, नगर-जालन्याकडून पोटापाण्यासाठी आलेली. नालासोपारा व विरार येथे मुंबईपेक्षा स्वस्त खोली मिळाली म्हणून ती राहिली. पहाटे लोकल धरावयाची, रात्री परतावयाचे. दिवसा मंडळीचे काम पाहावयास माणूस मिळत नाही. अशा ठिकाणी निवृत्त शिक्षक मिळाला, म्हणजे सर्वांचे हात त्याच्याकडे वळतात.

आमच्या गुरुजींनी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत, बहुतेक पहिलीच्या वर्गास, शिकविले. निवृत्तीनंतर शब्बाथशाळा, हिशेबाची वही, दाराची किल्ली, आजाऱ्यांच्या भेटी, सर्व त्यांच्याकडे गेले. सकाळी दहाला ते घरून निघत व दिवे लागल्यावर परतत. आम्ही त्यांचे उदाहरण उपदेशात कितीदा तरी दिले असेल. त्यांच्या घरी दिवसभर त्यांच्या पत्नी एकट्या असत. मुलगा व सून नोकरीस जात. हे आम्हांस ठाऊक होते. परंतु त्याचा विचार आम्ही केला नव्हता.

एका शनिवारी गुरुजी शब्बाथशाळेच्या परीक्षेचे पेपर तपासत प्रार्थनागृहात बसले असता घरी त्यांच्या पत्नीस अर्धांगाचा झटका आला. शेजारीण पीठ मागावयास आली, तेव्हा त्या स्वयंपाकघरात पडलेल्या आढळल्या. किती वेळ तशा होत्या हे कोणासच सांगता आले नाही. जीव वाचला, उजवा हात व वाचा गेली.

पुढचे चार रविवार गुरुजी आले नाहीत. पहिल्या आठवड्यात आम्ही इस्पितळात जाऊन प्रार्थना केली व आपले कर्तव्य झाले असे समजलो. चवथ्या रविवारी वही नाही, किल्लीसाठी मुलगा धाडावा लागला, शब्बाथशाळा भरली नाही. आम्ही एक चिठ्ठी लिहिली आणि तीत इब्र्यांस पत्र 10:25, म्हणजे एकत्र मिळणे सोडू नये हा उपदेश, याची आठवण दिली. चिठ्ठी परत आली. तिच्या पाठीमागे गुरुजींच्या वळणदार अक्षरात एवढेच होते : मार्क 7:11.

वाचकांनी तो भाग काढून पाहावा. ज्या द्रव्याने आईबापांचे पोषण व्हावयाचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून मुलगा मोकळा होई आणि शास्त्री त्यास तसे होऊ देत. आमचा प्रभु तेथे मुलापेक्षा शास्त्र्यांवर अधिक रागावला आहे. वचन आईबापांविषयी आहे, पत्नीविषयी नाही, असा बचाव आमच्या मनात आला, हे कबूल केले पाहिजे. परंतु 1 तीमथ्य 5:8 मध्ये घरच्या माणसांविषयी पौल जे लिहितो त्यापुढे तो टिकला नाही. घराचा वेळ मंडळीने घ्यावा आणि त्याला अर्पण म्हणावे, ही कुर्बानच होय. आणि ती घेणारे आम्ही होतो.

आपल्या मराठी मंडळीतही हा प्रश्न नवा नाही. कै. रे. नारायण वामन टिळक दारी आलेल्यास घरातले देऊन टाकीत. त्या औदार्याचा भार घरात कोणी कसा सोसला, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हसतहसत, पण काही न लपविता लिहून ठेविले आहे. टिळक 1919 साली वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते; ते पुढे नेऊन पुरे केले तेही लक्ष्मीबाईंनीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुरुजींच्या घरी गेलो. ते पत्नीच्या खाटेजवळ स्टुलावर बसले होते व हाती पाटी होती. तीवर मोठे 'म' काढून ते ओठ मिटून उघडून दाखवीत होते. डॉक्टरांनी असा सराव घ्यावयास सांगितले होते. आम्ही क्षमा मागितली. ते म्हणाले, "पाळकसाहेब, तुमच्यापेक्षा माझी चूक मोठी. मला एली आठवतो."

एलीविषयी त्यांनी जे दाखविले ते आम्हांस कोणत्याही टीकाग्रंथात इतके स्पष्ट दिसले नव्हते. शमुवेल बाळाला देवाची वाणी कशी ओळखावी व काय उत्तर द्यावे, हे एलीने शिकविले (3:9). दुसऱ्याच्या मुलाचा तो उत्तम शिक्षक झाला. स्वतःचे हफनी व फिनहास मात्र हातचे गेले. त्याने त्यांस सांगितले नाही असे नाही; दुसऱ्या अध्यायात तो त्यांस बोलतो; पण आवरले नाही, असा देवाचा त्याच्यावर ठपका आहे. गुरुजी म्हणाले, "लोकांची मुले शिकविली, याचा मला अभिमान होता. घरात मी फक्त जेवावयास येत होतो."

त्यांनी किल्ली व वही आमच्या हाती दिली. वही मंडळीतील एका तरुण बाईकडे गेली. ती एका दुकानात हिशेब लिहिते. तिने दोन आठवड्यांनी भरसभेत सांगितले की तीनशे चाळीस रुपयांच्या खर्चाची पावती नाही. सभेत कुजबुज झाली. एक वडील उठून म्हणाले, गुरुजींस असे विचारणे शोभत नाही. तेव्हा गुरुजींनीच 1 शमुवेल 12 उघडावयास सांगितले. शमुवेल वृद्ध झाला, राजाच्या हाती लोक सोपविले, आणि निघताना स्वतः उभा राहून म्हणाला की, मी कोणाचा बैल घेतला, कोणावर जुलूम केला, ते सांगा, मी परत करितो. त्याच्या मुलांनी लाच खाल्ली होती (8:3), म्हणून हा प्रश्न त्यास सोपा नव्हता. "मला विचारले हे बरे झाले," गुरुजी म्हणाले. पावती सापडली नाही. रक्कम त्यांनी आपल्या पेन्शनीतून भरली, आणि बाईने त्याची पावती त्यांस फाडून दिली.

त्याच अध्यायाच्या तेविसाव्या वचनात शमुवेलाने स्वतःसाठी दोन कामे राखिली आहेत : लोकांसाठी प्रार्थना करणे व त्यांस चांगला मार्ग दाखविणे. न्यायाधीशपण सुटले तरी ही सुटत नाहीत. गुरुजी हल्ली महिन्यातून एका रविवारी येतात व मागच्या बाकावर बसतात. शब्बाथशाळा तीन तरुण मिळून चालवितात. पूर्वीइतकी नीट चालत नाही. प्रत्येक बुधवारी तिघेही पाठ घेऊन त्यांच्या घरी जातात.

मंडळीची एक प्रार्थनाही आता शुक्रवारी रात्री त्यांच्याच खोलीत होते. पाचसहा माणसे खाटेभोवती दाटीने बसतात. प्रभूची प्रार्थना संपते, सर्वांचे आमेन होते, आणि कोणी डोळे उघडीत नाही. कारण गुरुजींच्या पत्नीचे आमेन यावयास थोडा वेळ लागतो.