गावचा नाच पियानोवर

(पोलंड देशातील एका लोकनृत्याचा ताल पियानोपर्यंत कसा पोहोचला आणि घरापासून दूर गेलेल्या माणसांना त्याचा आधार कसा वाटला, हे या पाठात सांगितले आहे.)

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना बाळकुम लागते. आज तेथे उंच इमारती दिसतात, पण त्यांच्याजवळ जुने गावही आहे. या खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्त्यांत हळदीच्या रात्री बँजो वाजू लागला, की म्हातारी माणसेसुद्धा ठेका धरतात. तो ठेका त्यांना कोणी मुद्दाम शिकवलेला नसतो. लहानपणापासून तो कानांवर पडलेला असतो.

आता अशी कल्पना करा, की तुम्हांला गाव सोडून फार दूर जावे लागले आणि परत येता येत नाही. तेथे अचानक तो ठेका आठवला, तर तुम्हांला काय वाटेल?

फ्रेडरिक शोपँ या संगीतकाराच्या बाबतीत असेच घडले. त्याचा जन्म १८१० साली पोलंडमध्ये, वॉर्सा शहराजवळच्या एका खेड्यात झाला. शाळेच्या सुट्टीत तो खेड्यात राहायला जाई. तेथे त्याने शेतकऱ्यांची गाणी ऐकली, त्यांचे नाच पाहिले. त्यांतील एका नाचाचे नाव मझुर. त्यावरून शोपँने पियानोसाठी ज्या रचना केल्या, त्यांना 'मझुर्का' म्हणतात.

त्या काळी पोलंड स्वतंत्र नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसांत वाटून घेतला होता. १८३० च्या नोव्हेंबरमध्ये शोपँ वॉर्साहून परदेशी निघाला. त्याच महिन्यात तेथे रशियाविरुद्ध उठाव झाला. पुढच्या वर्षी तो मोडून काढण्यात आला. शोपँ पॅरिसला राहिला. तो मायदेशी कधीच परतला नाही. पण मझुर्का मात्र आयुष्यभर लिहीत राहिला. त्याच्या मझुर्कांची संख्या पन्नासांहून अधिक आहे. १८४९ साली तो वारला. तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे हृदय बहिणीने वॉर्साला नेले.

एकट्याचे पियानोवादन कसे ऐकावे? पियानोला ८८ पट्ट्या असतात. पट्टी दाबली, की आतली लहानशी हातोडी तारांवर आपटते आणि सूर निघतो. साथीला तबला किंवा ढोलकी नसते. बहुतेक वेळा डावा हात ताल सांभाळतो आणि उजवा हात गाणे वाजवतो. मझुर्काचा ताल तीन मात्रांचा असतो. टाळी वाजवून पाहा : एक, दोन, तीन. आता जोर पहिल्या मात्रेवर न देता दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर द्या. पाऊल क्षणभर थबकून पुढे उडी घेते, असे वाटेल. हीच मझुर्काची खूण! काही मझुर्कांत डावा हात तेच दोन सूर सारखे धरून ठेवतो. आपल्याकडे गवयाच्या मागे तानपुरा वाजतो, तसे ते ऐकू येते. पिशवीत हवा भरून वाजवायच्या खेड्यातील वाद्याची ती आठवण आहे.

शोपँनंतर सुमारे नव्वद वर्षांनी पोलंडवर पुन्हा संकट आले. दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश कुटुंबांना घरांतून काढून सोव्हिएत रशियात दूरवर पाठवले गेले. त्यांपैकी सुमारे पाच हजार लोक इराणमार्गे आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. १९४३ ते १९४८ पर्यंत ते तेथे राहिले. मुले पोलिश भाषेतील शाळेत शिकत. आपली लोकनृत्येही ती करीत.

इकडे जर्मन फौजांनी व्यापलेल्या पोलंडमध्ये शोपँच्या संगीतावर बंदी होती. १९४० साली त्याचा वॉर्सातील पुतळा सुरुंगाने उडवला गेला. नाचाच्या तालाची एवढी भीती कशासाठी? कारण तो ताल ऐकताच लोकांना आपला देश आठवे. पोलंडचे राष्ट्रगीतही मझुर्काच्याच तालात आहे. माणसाचे घर, जमीन, सामान हिरावून घेता येते. कानांत बसलेला ताल हिरावून घेता येत नाही.

मित्रांनो, तुमचे आजी-आजोबाही कदाचित दुसऱ्या गावाहून किंवा प्रांतातून येथे आले असतील. तुमच्या दादी-नानी लग्नात ढोलकीवर कोणती गाणी म्हणत? त्यांना विचारा. एखादे गाणे शिकून घ्या आणि टाळी देऊन त्याच्या मात्रा मोजा. मग पियानोवरचा मझुर्का ऐका. तो तुम्हांला परका वाटणार नाही.

शब्दार्थ
ठेका – तालाची ठरलेली चाल
मात्रा – ताल मोजण्याचे माप
उठाव – बंड
मायदेश – आपला जन्मदेश
थबकणे – एकदम थांबणे

स्वाध्याय
१. शोपँने मझुर्का हे नाव कशावरून घेतले?
२. मझुर्कात जोर कोणत्या मात्रेवर पडतो?
३. वळिवडे येथे कोण राहत होते? ते तेथे का आले?
४. शोपँच्या संगीतावर बंदी का घातली असेल? तुमच्या शब्दांत लिहा.