‘कन्फ्यूजन’ म्हणजे नेमकं काय? अर्थ, वापर आणि धंद्यातला उपाय



परभणी, सेलू, जिंतूर, मानवत... कुठेही ट्रेनिंग घेतलं तरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: “सर, डाळ मिल टाकायचीय, पण लई कन्फ्यूजन आहे.” आज हा शब्दच नीट समजून घेऊ.

कन्फ्यूजन म्हणजे गोंधळ, संभ्रम. याचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ ‘एकत्र ओतणे’. तूर, हरभरा, मूग एकाच पोत्यात ओतले तर काय होईल? माल चांगला, पण विकता येणार नाही. डोक्याचंही तसंच होतं.

वापर कसा करायचा?

- कन्फ्यूजन = गोंधळ. “रेटबद्दल कन्फ्यूजन झालं.”
- कन्फ्यूज्ड = ज्याचा गोंधळ उडालाय तो. “गिऱ्हाईक कन्फ्यूज्ड आहे.”
- कन्फ्यूजिंग = गोंधळात टाकणारं. “तुमचं रेटकार्ड कन्फ्यूजिंग आहे.”

मशीनवाल्याला “आय ॲम कन्फ्यूजिंग” असं लिहू नका. त्याचा अर्थ ‘मी लोकांना गोंधळात टाकतो’ असा होतो! “आय ॲम कन्फ्यूज्ड” हे बरोबर. त्याहून चांगलं म्हणजे थेट विचारा: “या किमतीत जीएसटी धरलाय का?”

उपाय: पोतं निवडा

सगळ्यात जास्त गोंधळ योजनांचा. दोन नावं वेगळी करून बघा.

पीएमएफएमई: 2020 मध्ये सुरू झालेली, फक्त अन्नप्रक्रियेसाठी. वैयक्तिक उद्योगाला 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख रुपये. जुना उद्योग वाढवायलाही चालते. चौकशी कृषी विभागात.

पीएमईजीपी: अनेक प्रकारच्या उद्योगांना, पण अनुदान मुख्यतः नवीन युनिटसाठी. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात.

दोन्हींत अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं. बँकेनं कर्ज मंजूर केल्याशिवाय पुढचं काही नाही. म्हणून अनुदानाच्या भरवशावर मशीनचा ॲडव्हान्स देऊन बसू नका. 10 लाखांच्या डाळ मिलला पीएमएफएमईत 3.5 लाख अनुदान बसतं, पण किमान 10 टक्के, म्हणजे 1 लाख स्वतःचे लागतातच. अर्ज करण्याआधी चालू नियम कार्यालयात विचारून घ्या.

आजचा गृहपाठ

वहीत “कन्फ्यूजन आहे” असं लिहू नका. प्रश्न लिहा, एका ओळीत एकच. समोर लिहा, उत्तर कोण देईल: बँक, कृषी विभाग, मशीनवाला की घरचे? दहा प्रश्न निघाले तरी घाबरू नका. प्रश्न वेगळे झाले की अर्धं काम झालं.

उद्या त्यातला पहिला प्रश्न घेऊन घराबाहेर पडा!