इंजिनाचे पाणी

बोअरचे पाणी रोज एकाच हंड्यात तापवा. काही दिवसांनी हंड्यात डोकावून पाहा. तळाला पांढरा थर दिसेल. तो पाण्यातल्या क्षाराचा. आपल्या सोलापूरकडे पुष्कळ ठिकाणी असेच जड पाणी आहे. हेच पाणी गाडीत घातले, तर इंजिनातही तसाच थर बसतो.

इंजिन चालले की तापते. त्याला निववायला आत पाणी खेळत असते. तापलेले पाणी रेडिएटरात जाते, वाऱ्याने निवते आणि परत इंजिनात येते. जणू रहाटगाडगेच! हा रहाट फिरवतो वॉटर पंप.

पंपाच्या दांड्याभोवती एक सील असते. ते पाणी बाहेर येऊ देत नाही. क्षाराचे आणि गंजाचे कण त्यावर घासतात. सील झिजते. पाणी ठिबकू लागते.

आमच्या गावची एक जीप पंढरपूरला निघाली होती. मोहोळच्या पुढे ती तापून बंद पडली. मेस्त्री आला. त्याने विचारले, "मालक, पंपाखाली ओल कधीपासून दिसते?"

मालक म्हणाले, "झाला की महिना. रोज बोअरचे पाणी भरत होतो. पाण्यासारखे पाणी, त्यात काय एवढे!"

त्या एवढ्याशा गोष्टीपायी सारे इंजिन उतरवावे लागले. ऊसबिलाचा पैसा त्यात गेला.

यावर उपाय कूलंटचा. काही लोक म्हणतात, कूलंट थंड मुलखासाठी. हे खरे नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. साधे पाणी १०० अंशांना उकळते. निम्मे कूलंट व निम्मे पाणी असले, तर ते सुमारे १०७ अंशांना उकळते. शिवाय कूलंटमधील औषध गंज धरू देत नाही.

कूलंट घेताना एवढे पाळा :

१. रंग पाहून घेऊ नका. गाडीच्या पुस्तकात सांगितले असेल तेच घ्या.

२. डबा वाचा. काही कूलंट तयार असते, त्यात पाणी घालायचे नसते. काहींत घालावे लागते. तेव्हा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरा. अक्षरे इंग्रजी असली तर शिकल्या पोराकडून वाचून घ्या. विचारण्यात लाज कसली?

३. दोन जातींची कूलंट मिसळू नका. कधी कधी त्यांचा चिकट गाळ होतो.

४. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

५. कूलंट चवीला गोड, पण विषारी असते. पोरे व जनावरे यांपासून दूर ठेवा.

पंपाखाली ओल दिसली, की त्याच दिवशी मेस्त्रीला दाखवा.

सांगा पाहू :
पंपाचे सील कशाने झिजते?
डबा का वाचावा?
तुमच्या गाडीत कोणते पाणी आहे?